शर्यत संपल्यानंतर

रविवारची मिस्सा आटोपल्यावर धर्मगुरूच्या कचेरीची पायरी चढणारी माणसे बहुधा ठरावीक कामांसाठी येतात. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला लग्नाच्या घोषणांची तारीख. कुणाच्या घरात भावाभावांचे बोलणे बंद झालेले असते. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर एका रविवारी आमच्या सोलापूरच्या कचेरीत साठीच्या घरातले एक गृहस्थ आले, ते यांपैकी कशासाठीच नव्हे. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारले, "फादर, कामातून मोकळ्या झालेल्या घोड्याला पुन्हा कामाला लावणे पाप आहे का?"

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही न्याय्य युद्धापासून व्याजबट्ट्यापर्यंत पुष्कळ प्रश्न सोडवले होते. हा त्यांत नव्हता.

हे गृहस्थ आमच्या धर्मग्रामातले जुने. तरुणपणी पुण्यास गेले आणि तेथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पंचवीसहून अधिक वर्षे त्यांनी सईसाचे काम केले. पुण्याचे ते मैदान सोलापूर रस्त्याच्या बाजूलाच असल्यामुळे "मी जन्मभर सोलापूरच्याच रस्त्यावर राहिलो" असे ते गमतीने म्हणतात. पावसाळ्यात पुण्याचा हंगाम, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुंबईत महालक्ष्मीचा. घोड्यांबरोबर सईसाचेही बिऱ्हाड हलत असे. अखेर वडिलोपार्जित चार एकर जमीन कसण्यासाठी ते मोहोळकडे परतले. त्याच हंगामात त्यांच्या देखरेखीखालचा सात वर्षांचा एक कुमेत घोडा जिंकेनासा झाला, आणि मालकाने तो त्यांनाच देऊ केला. एकाच महिन्यात दोघांना रजा मिळाली. कागदोपत्री त्या घोड्याचे नाव भारदस्त इंग्रजी आहे. शेतावर त्याला राजा म्हणतात.

वरातीसाठी भाड्याने द्या, चार पैसे मिळतील, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला होता. बँडच्या कर्णकर्कश आवाजात आणि फटाक्यांत त्याला उभे करण्यास त्यांचे मन धजेना. बारावीत शिकणाऱ्या नातवाच्या डोक्यात मात्र निराळेच खूळ शिरले होते. लांब पल्ल्याची रपेट म्हणून घोडेस्वारीचा एक प्रकार आहे, त्यासाठी राजाला तयार करायचे, असे त्याने ठरवले होते. आजोबांना नातवाचे मन मोडवत नव्हते आणि घोड्याकडे पाहून त्याचे ऐकवतही नव्हते. म्हणून ते आमच्याकडे आले.

आम्ही त्यांना जे उत्तर दिले त्याची आज आम्हांस लाज वाटते. ज्या धर्मग्रामात विड्या वळणाऱ्या बायांना मुलांची फी भरताना दोनदा विचार करावा लागतो, तेथे घोडा पोसावा काय, असे आम्ही त्यांना विचारले. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथाचा आधारही दिला. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे असे त्या ग्रंथात सांगितले आहे; पण दुःखी माणसांच्या वाट्याला आधी जायला हवा तो पैसा प्राण्यांवर घालणे उचित नव्हे, असेही त्यात आहे. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "कडबा माझ्या रानातला आहे फादर. खर्चाचे मी बघतो. मी पापाचे विचारले होते."

धर्मगुरूला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय फार लवकर जडते. आम्ही त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांचे पुढे चौदा महिने झाले, कारण या प्रश्नाचा विचार पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहून करता येईना. त्यासाठी शेतावर जावे लागले.

प्रथम घोड्याचे गणित मांडू. शर्यतीचा घोडा म्हणजे थरोब्रेड जातीचा. सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून इंग्लंडात नेलेल्या तीन नरांपर्यंत या जातीतल्या सर्व घोड्यांचा पितृवंश पोहोचतो. दोन वर्षांचा होताच तो शर्यतीत उतरतो. तेव्हा त्याची हाडेदेखील पुरती पक्की झालेली नसतात. भारतीय डर्बी १९४३ सालापासून धावली जाते. तिचे अंतर २४०० मीटर आणि लागणारा वेळ सुमारे अडीच मिनिटे. सहा-सात वर्षांचा झाला की बहुतेक घोड्यांचा काळ सरतो. पण घोडा नीट सांभाळला तर पंचवीस वर्षे, क्वचित अधिकही जगतो. म्हणजे ज्या कामासाठी त्याला जन्मास घातले, ते काम आयुष्याच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच संपते. उरलेल्या दोन हिश्श्यांचे काय करायचे, याचा विचार त्याला जन्मास घालणाऱ्यांनी क्वचितच केलेला असतो. काही घोडे अश्वारोहणाच्या शाळांत जातात, चांगल्या वंशाचे पैदाशीसाठी राहतात, काही वरातीत आणि काही पर्यटकांच्या फेऱ्यांसाठी. बाकीच्यांची विचारपूस कुणी करीत नाही.

सोलापूरकरांस हे गणित अपरिचित नाही. १८७७ साली सुरू झालेली आमची जुनी गिरणी बंद पडली तेव्हा, आणि पुढे एकेक करून इतर गिरण्यांचेही भोंगे थांबले तेव्हा, चाळिशी-पंचेचाळिशीतले धडधाकट कामगार घरी बसले. त्यांतले काही भोंग्याच्या वेळेस अजूनही जागे होतात, उठून ओट्यावर बसतात आणि कुठे जायचे ते त्यांना ठाऊक नसते, हे आम्ही घरभेटींना जात असताना डोळ्यांनी पाहिले आहे. राजाचेही पहिल्या महिन्यात असेच होत असे. पहाटे चारला तो गोठ्यात पाय आपटू लागे. पुण्यात ती त्याच्या सरावाची वेळ होती. कुणी आले नाही की लाकडी आडण्याला दात लावून तो वारा गिळी, नाहीतर या पायावरून त्या पायावर तासन्तास झुलत राही. तबेल्यात दिवसाचे बावीस-बावीस तास एकटे उभे राहणाऱ्या घोड्यांना या खोडी लागतात.

आता त्या लांब पल्ल्याच्या रपेटीविषयी. इंग्रजीत तिला एन्ड्युरन्स म्हणतात. १९५५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी नावाच्या गृहस्थांनी काही सोबत्यांसह सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून शंभर मैलांचे अंतर घोड्यावरून एका दिवसात कापून दाखवले; तीच पुढे टेव्हिस कप म्हणून प्रसिद्ध झाली आणि आजही भरते. चोवीस तासांच्या आत घोडा धड अवस्थेत पोहोचवणाऱ्या प्रत्येक स्वारास तेथे कंबरपट्ट्याचे रुपेरी बक्कल मिळते. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम, त्यासाठी एक निराळा चषक आहे आणि जाणकार त्याची प्रतिष्ठा पहिल्या क्रमांकाहून कमी मानत नाहीत. १९८६ साली या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा रोमजवळ झाली. आपल्या देशातही आता या वाटेने जाणारे स्वार आहेत. केरळच्या निदा अंजुम चेलात या तरुणीने २०२३ साली फ्रान्समधील युवा स्वारांच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटरची रपेट पूर्ण केली.

या खेळाचा कणा म्हणजे वाटेतली तपासणी. दर तीस-चाळीस किलोमीटरला घोड्याला थांबवून पशुवैद्यापुढे उभे करतात. मिनिटास ६४ ही नाडीची सर्वसाधारण मर्यादा. विश्रांतीत असलेल्या घोड्याची नाडी तीस-चाळीसच्या दरम्यान असते. ठरलेल्या अवधीत ठोके त्या मर्यादेत उतरले नाहीत तर त्या घोड्याची रपेट तेथेच संपली. हिरडीवर बोट दाबून रक्त किती लवकर परत येते ते पाहतात, मानेची कातडी चिमटीत धरून शरीरातले पाणी जोखतात, पोटाला नळी लावून आतड्यांची हालचाल ऐकतात, आणि शेवटी घोड्याला हाताने धरून दुडकीने पळवून तो लंगडत नाही ना ते पाहतात. नवख्या घोड्यांच्या पात्रतेच्या रपेटींत तर ताशी सोळा किलोमीटरची मर्यादा असते. त्याहून वेगाने गेले तर ती रपेट जमेस धरत नाहीत! हे आम्ही सईसबाबांना सांगितले तेव्हा पंचवीस वर्षे वेगाची चाकरी केलेला तो माणूस पोट धरून हसला.

तयारी कशी झाली ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाचे उत्तर, जे काही आहे ते, तिच्यातच हळूहळू दिसू लागले.

पहिले तीन महिने त्यांनी घोड्यावर खोगीरच चढवले नाही. शर्यतीच्या घोड्याला भरपूर चंदी देतात. ओट्स, हरभरा असा तापट खुराक. त्याने आणि सततच्या ताणाने पुष्कळ घोड्यांच्या पोटात व्रण होतात. चंदी बेताबेताने कमी करून त्यांनी राजाला मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या कडब्यावर आणि लसूणघासावर आणले. शर्यतीचे हलके अॅल्युमिनियमचे नाल काढून काही दिवस खुरांना मोकळीक दिली, मग नालबंदाकडून साधे लोखंडी नाल मारून घेतले. त्याला दिवसभर कुंपणात मोकळे सोडू लागले. सोबतीला एक शेळी बांधली. वाचकांस हसू येईल, पण त्या शेळीने जे काम केले ते औषधाने झाले नसते. शेळी आल्यापासून त्याचे झुलणे थांबले.

मग खरे शिक्षण सुरू झाले, आणि ते बहुतांशी जुने शिक्षण विसरण्याचे होते. लगाम खेचला की थांबायचे, असे आपण समजतो. शर्यतीच्या घोड्याला नेमके उलटे शिकवलेले असते. जॉकीने लगाम आखडून धरला म्हणजे त्यावर भार टाकून तो अधिक जोरात पळतो. पहिल्या दिवशी नातवाने घाबरून लगाम खेचला आणि राजा चौखूर उधळला. पोरगा ज्वारीच्या ताटांत पडला म्हणून हातपाय शाबूत राहिले. घोड्याने आजवर रेलिंगमधली सपाट हिरवळ पाहिली होती. उसाची गाडी, ट्रॅक्टर, मेंढरांचा कळप, कालव्यावरचा लोखंडी पूल, वाऱ्याने फडफडणारा प्लास्टिकचा कागद यांतले काहीच त्याच्या ओळखीचे नव्हते. अनोळखी ठिकाणचे पाणी तो पीत नसे, आणि जो घोडा वाटेत पाणी पीत नाही तो सोलापूरच्या उन्हात दहा किलोमीटरही टिकायचा नाही. बादलीत थोडा गूळ विरघळवून त्यांनी त्याला पाणी प्यायला शिकवले. आठवड्यातून चार दिवस पहाटे, उजनीच्या कालव्याकाठच्या मुरमाच्या वाटेने, निव्वळ चालणे. दोन महिन्यांनी त्यात थोडी दुडकी. पावसाळ्यात काळ्या मातीत खूर रुतू लागले की काम बंद.

ही दिरंगाई नातवास सोसवत नसे. राजाला दम लागत नाही, घाम फुटत नाही, मग अंतर का वाढवायचे नाही, असा त्याचा नित्याचा वाद. एका संध्याकाळी ओट्यावर बसून आजोबांनी त्याला समजावले ते आम्ही ऐकले. घोड्याचे काळीज आणि फुप्फुसे दोन-तीन महिन्यांत तयार होतात. स्नायूंना अधिक वेळ लागतो. पायांच्या शिरा आणि सांधे बांधणारे धागे पक्के व्हायला वर्ष जाते, आणि हाडांना त्याहून अधिक. "याचे काळीज याच्या पायांच्या फार पुढे आहे," ते म्हणाले. "तू सांगशील तितका तो पळेल. पाय तुटेपर्यंत पळेल. म्हणून त्याला विचारून उपयोग नाही, त्याचे पाय बघायचे."

हे वाक्य आम्ही बरोबर घेऊन परतलो.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. प्राणी माणसाच्या उपयोगासाठी आहेत आणि त्यांच्याशी क्रूरपणे वागू नये, कारण त्या क्रौर्याची सवय पुढे माणसांशीही लागते, असा त्यांचा विचार. त्या थोर गुरूविषयीचा आमचा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण या शेतावर तो विचार आम्हांस अपुरा वाटला. सईसबाबा राजाच्या पायांवरून रोज रात्री हात फिरवून कुठे ऊब लागते का ते पाहतात, ते स्वतः क्रूर होऊ नये म्हणून नव्हे. त्यांची नजर घोड्यावर असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रत्येक सृष्ट जीवास देवापुढे स्वतःचे मोल आहे यावर भर दिला, तो आम्हांस या घोड्याच्या पायांपाशी नीट उमगला.

त्याहूनही जुनी साक्ष आहे. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. त्या आज्ञेत विसाव्याचे हक्कदार म्हणून मुलगा, मुलगी, दास आणि परका यांच्या बरोबरीने जनावरेही मोजलेली आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तेव्हा सईसबाबांचा प्रश्न भावुकपणाचा नव्हता. त्याला सीनाय पर्वताचा आधार होता. ज्याने आपले काम पुरे केले त्याचा विसावा हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? मात्र विसावा म्हणजे काय, हेही विचारले पाहिजे. आडण्याला दात लावून झुलणारा राजा विसावा घेत नव्हता, आणि ओट्यावर बसून भोंग्याची वाट पाहणारा गिरणी कामगारही घेत नव्हता. टाकून दिलेल्या जिवाच्या रिकामपणाला विसावा म्हणणे ही आपण आपल्या सोयीसाठी केलेली गफलत होय.

दुसरीही गफलत आहे आणि ती अधिक फसवी आहे. 'त्याला कामच आवडते' असे म्हणून आपण त्याच्या तोंडी आपली इच्छा घालतो. १८९२ च्या ऑक्टोबरात जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्यामध्ये घोडदौडीची पैज लावली होती. अंतर साडेपाचशे किलोमीटरहून अधिक. विजेता तीन दिवसांच्या आत पोहोचला आणि त्याचा घोडा पुढे लवकरच मेला. इतरही कितीतरी घोडे त्या पैजेत मेले. तेही घोडे अखेरपर्यंत आवडीनेच पळाले, असे त्यांच्या स्वारांनी म्हटले असते. फार दूर जायलाही नको. २०१५ साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने घोड्यांच्या हेळसांडीच्या तक्रारींवरून संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केले होते. सपाट वाळवंटात या दमाच्या खेळाची पुन्हा वेगाची शर्यत झाली होती. २०१८ साली अमेरिकेत ट्रायॉन येथील जागतिक स्पर्धेतील दीर्घ रपेट उष्णता आणि दमटपणा यांमुळे मध्येच रद्द करावी लागली. नियम चांगले असले तरी माणसाची हाव त्यांना वळसा घालते.

या ठिकाणी आम्हांस बलामाची गाढवी आठवते. गणना या पुस्तकातील ती कथा वाचकांस ठाऊक आहे. वाटेत तलवार उपसून उभा असलेला देवदूत गाढवीला दिसला, तिच्यावर बसलेल्या द्रष्ट्याला दिसला नाही. ती एकदा शेतात वळली, एकदा भिंतीला घसटली, शेवटी खालीच बसली. तिन्ही वेळा त्याने तिला बडवले. मग देवाने तिला वाचा दिली. प्रवचनात आपण गाढवी बोलली या चमत्कारावर भर देतो. आम्हांस आता वाटते की, तोंड उघडण्यापूर्वी ती तीनदा बोललीच होती. वळली, घसटली, बसली, हे तिचे बोलणेच होते. (जाता जाता: संत पौल दमास्कसच्या वाटेवर घोड्यावरून पडला असे चित्रकारांनी इतक्यांदा रंगवले आहे की आपण ते खरेच मानतो, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्या प्रसंगी घोड्याचा उल्लेखच नाही.)

तेव्हा सईसबाबांना आम्ही अखेर दिलेले उत्तर असे: जनावराकडून काम घेणे पाप नव्हे. त्याचा नकार ऐकायचा नाही असे ठरवून काम घेणे मात्र पाप आहे. आणि ज्याला नकार देताच येत नाही, त्याच्या वतीने तो नकार शोधून काढणे हे स्वाराचे कर्तव्य आहे. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आणि फादर, नाही जमले तर?" आम्हांस समजले नाही. ते म्हणाले, "नाही धावला तरी खाईलच की तो. त्याचा कडबा मी धावण्यावर नाही ठेवला."

ही अट आम्ही आमच्या उत्तरात घातली नव्हती. ती त्यांनी घातली.

आमच्या जिल्ह्याला दमदार घोड्यांचे नवल नाही. भीमेच्या काठच्या भीमथडी तट्टांचा उल्लेख आपल्या राज्यगीतातही आला आहे. मराठ्यांच्या घोडदळाने मैलोन्मैल मजल मारली ती याच बुटक्या, काटक जनावरांवर. आज ती धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहतात आणि अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. अकलूजचा घोडेबाजार आजही गजबजतो. आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबरचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून चालत आळंदीस येतात आणि तेथून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरपुरास. त्यांतला एक अश्व स्वाराविना चालतो; त्याच्यावर माउली बसतात असा वारकऱ्यांचा भाव. वाखरीच्या रिंगणाची धाव पाहायला लाखोंची गर्दी होते. सईसबाबा दरवर्षी शेजाऱ्यांबरोबर जातात. त्यांना रिंगणापेक्षा आदल्या दिवसांतले त्या घोड्यांचे रस्त्याने चालणे पाहण्यात अधिक गोडी आहे. पाठीवर कुणी दिसत नाही तेव्हा घोडा कसा चालतो, ते नातवाने पाहावे म्हणून गेल्या आषाढात ते त्यालाही घेऊन गेले होते.

गेल्या जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, सतरा तारखेस संत अंतोन मठाधिपती यांचा सण आला. या दिवशी जनावरांना आशीर्वाद देण्याची ख्रिस्तसभेची जुनी प्रथा आहे. आम्ही शेतावर जाऊन राजावर, शेळीवर आणि शेजाऱ्यांच्या बैलांवर पवित्र पाणी शिंपडले. त्याच्या पुढच्या शनिवारी चाळीस किलोमीटरची चाचणी घ्यायची ठरली. स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते, घरचीच परीक्षा. ती उतरली तर उन्हाळ्यापूर्वी खऱ्या रपेटीसाठी नाव घालायचे. आमच्याकडे घड्याळ आणि नळी ही दोन कामे आली.

पहाटे पाचला निघून कालव्याकाठाने वीस किलोमीटर जायचे आणि त्याच वाटेने परतायचे. आम्ही आणि सईसबाबा पाण्याच्या बादल्या घेऊन एका मित्राच्या जीपमधून पुढे गेलो. वीस किलोमीटरवर राजा कान टवकारून आला. डाव्या कोपराच्या मागे नळी लावून आम्ही पंधरा सेकंद ठोके मोजले: पंधरा. म्हणजे मिनिटाला साठ. दहा मिनिटेही लागली नव्हती. तो पाणी प्याला, चार घास खाल्ले, दुडकीत सरळ पळाला. नातवाच्या चेहऱ्यावर चौदा महिन्यांचे चीज झाल्याचा आनंद दिसत होता.

परतीच्या वाटेवर, एकतिसाव्या किलोमीटरला, एका चिंचेखाली दुसरी तपासणी होती. सूर्य चांगला वर आला होता. पोरगा आला तेव्हा घोडा दमलेला वाटला नाही. किंचित गप्प वाटला इतकेच. मानेवर पाणी ओतले, ओले फडके फिरवले. पंधरा मिनिटे झाली. आम्ही नळी लावली. सतरा.

सोळा असते तर चौसष्ट. सतरा म्हणजे अडुसष्ट. पोरगा आमच्या तोंडाकडे पाहत होता. तेथे कुणी पशुवैद्य नव्हता, नोंदवही आमच्याच हातात होती, आणि उरले होते फक्त नऊ किलोमीटर. आम्ही म्हणालो, "थांब, पुन्हा मोजतो." वाचकहो, इतक्या वर्षांच्या धर्मगुरुपदानंतर येथे लिहिण्यास संकोच वाटतो, पण दुसऱ्यांदा मोजताना आम्ही सोळावरच थांबण्याच्या तयारीने मोजत होतो. घड्याळाचा काटा पंधरावर यायच्या आत सतरावा ठोका कानात स्पष्ट आला.

"सतरा," आम्ही म्हणालो.

वर पाहिले तर सईसबाबांनी तंग केव्हाच सैल केला होता. खोगीर काढून ते जीपमध्ये ठेवीत होते. त्यांनी नाडी मोजली नव्हती. घोडा उजवा पुढचा पाय किती वेळा मोकळा सोडतो तेवढे ते लांबून पाहत होते. त्यांनी खाली बसून त्या पायाच्या मागच्या शिरेवर हात ठेवला आणि नातवाचा हात ओढून तेथे ठेवला. "ऊन लागते?" नातवाने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो काही बोलला नाही.

राजाला नेण्यासाठी दुसरी गाडी मागवावी असे आम्ही सुचवले. सईसबाबा म्हणाले, अजून लंगडत नाही, ओझे नसले तर सावकाश चालण्याने पाय आखडणार नाही. जीप पुढे पाठवून आम्ही तिघे त्याच्याबरोबर पायी निघालो. नऊ किलोमीटरला आम्हांस अडीच तास लागले. दोनदा थांबून त्यांनी तो पाय कालव्याच्या पाण्यात धरला. वाटेत एका वस्तीवरच्या हाळावर राजाने स्वतःहून तोंड घातले आणि गूळ नसलेले पाणी तो पोटभर प्याला. शेत दृष्टीस पडले तसे त्याने शेळीचा आवाज ऐकून कान वळवले. नातवाने लगाम सोडून नुसता गळ्यातला दोर धरला होता. आजोबा पोराला विचारत होते, उद्या सकाळी पायाला माती लावायची, तर ती विहिरीजवळची आणायची की ओढ्यातली?